रस्त्याकडचा गाळा

डिलाईल रोड,
९ फेब्रुवारी २०२५

मेघना,

आशीर्वाद मनात आहेत, कागदावर आत्ता देत नाही. दोन वर्षं तुझा फोन घेतला नाही आणि आज कागद घेऊन बसले, म्हणजे आईचा राग गेला असं समजू नकोस. फोनवर मी एकतर ओरडते नाहीतर रडते, आणि दोन्हीत मुद्दा राहून जातो. हे लिहून झालं की श्रेया फोटो काढून तुला पाठवणार आहे. तिला बजावलंय, पाठवायचं, वाचायचं नाही. तुझीच चुलतबहीण ती, वाचल्याशिवाय राहायची नाही. तेव्हा काही गोष्टी मी लिहीत नाही.

हे पत्र लिहायला कारणही तिच्यामुळेच झालं. परवा तिने मोबाइलवर तुझ्या ऑफिसचं काम दाखवलं. कॅनडातलं ते वाढतं गाव, आणि त्याच्या मधोमध तू बसवलेली नवी पेठ. खाली दुकानं, वर घरं, मध्ये चौक. शाळा, दवाखाना, भाजी, सगळं पायी जाण्याइतकं जवळ. एक म्हातारी काठी टेकत पावाच्या दुकानात शिरतेय आणि खाली तुझं नाव. मी जी हसत सुटले! श्रेयाला वाटलं, काकीला काही झालं. अगं, हा तर आपला डिलाईल रोड! बर्फ तेवढा जास्तीचा. खाली पिठाची गिरणी, तिला लागून डॉक्टर, पुढे शिंपी, कोपऱ्यावर भाजीवाली, आणि तळमजल्यावर रस्त्याकडच्या खोलीत तुझ्या आईची खानावळ. 'खाली जाऊन येते' म्हटलं की सगळा संसार उरकून यायचा. हे शिकायला तू सातासमुद्रापार गेलीस.

टोमणा मारायला लिहीत नाही. म्हणजे तोही मारायचा होता, मारून झाला. आता कामाचं.

चाळीमागचा टॉवर तयार झाला आणि याद्या लागल्या. आपल्याला एकोणिसाव्या मजल्यावर घर. बघून आले. पांढरी फरशी, स्वयंपाकघरात धूर ओढणारं यंत्र, नाक मुरडावं असं काही नाही. पण रस्त्याकडच्या गाळ्यांच्या यादीत आपलं नाव नाही. पिठाच्या गिरणीला गाळा, शिंप्याला गाळा, मला नाही. ऑफिसात विचारलं तर म्हणाले, तुमची खोली निवासी, तिथे व्यवसाय नव्हता. मी हातातली पिशवी त्यांच्या टेबलावर ठेवली. तिला अजून सुक्या जवळ्याचा वास होता. म्हटलं, हा वास काय पूजेचा आहे?

एकोणिसाव्या मजल्यावर जेवायला कोण येणार ते तूच सांग. गिरण्या होत्या तेव्हा पंगतीवर पंगत उठायची. आता येतात ते मोजकेच. कुरियरवाले, मॉलच्या मागच्या दाराने सुटणाऱ्या दोघी मुली, आणि कुशाबा. गिरणीत तुझ्या बाबांच्या खात्यातला कुशाबा, एकटा जीव, भायखळ्याहून रोज चालत येतो. ही माणसं रस्त्याने जाता जाता आत शिरतात. वर चढून येणारी नव्हेत. खानावळ गेली तर मी दिवसभर काय करायचं हे मला खरंच समजत नाही. बाकीचं मी कसंही सोसेन.

चाळ पाडून टॉवर बांधायचं ठरलं त्या सभेत तू पडद्यावर जे चित्र दाखवलं होतंस, त्यात माझी खानावळ होती, पाटीसकट. आपल्या चाळीची मुलगी दाखवतेय म्हटल्यावर लोकांनी भराभर सह्या केल्या. पुढे बिल्डरने नकाशा फिरवला, चौक गेला, त्या जागी गाड्यांचे मजले आले. मी सगळ्यांसमोर तुला म्हटलं, तू आमच्या अन्नात माती कालवलीस. ते मी मागे घेत नाही. पण ते चित्र मला पाठव, आणि ऑफिसला चार ओळी लिही की इथे खानावळ होती, आहे. तू शिकलेली, तुझं ऐकतील. गाळा कपाटाएवढा दिला तरी चालेल. रस्त्याला लागून पाहिजे, एवढंच.

बाबा बरे आहेत. हे पत्र लिहिल्याचं त्यांना सांगितलेलं नाही.

आई


डिलाईल रोड,
२ मार्च

मेघना,

चित्र मिळालं. ऑफिसातल्या माणसाने ते बघितलं, 'छान काढलंय' म्हणाला आणि परत दिलं. तो नकाशा मंजूर झालाच नव्हता म्हणे, त्यामुळे चित्रातली पाटी हा पुरावा होत नाही. तुझ्या चार ओळी त्याने ठेवून घेतल्या. मुलगी आईच्या बाजूनेच लिहिणार, असं वर ऐकवलं.

तू विचारलंस, सर्वेक्षणात खोली निवासी लागलीच कशी? सांगते. श्रेया, तू वाचत असशील तर इथे थांब. थांबणार नसशील तर निदान काकांना काही बोलू नकोस.

तो सर्वे करणारा मुलगा विदर्भातला होता, शिक्षण नुकतंच संपलेलं. तू तेव्हा कॉलेजच्या सहलीवर होतीस. ऐन जेवणाची वेळ, आत माणसं बसलेली, मी तव्यापाशी. तुझे बाबा दारात मटकी निवडत होते. त्या मुलाने अगदी अदबीने विचारलं, "काका, घरातल्या बाई इथं धंदा करतात का?"

त्याच्या गावाकडे दुधाचा धंदा, कोंबड्यांचा धंदा, साधा शब्द असेल. आपल्याकडे बाईमाणसाच्या नावाला तो लावला की काय होतं, हे त्या बिचाऱ्याला कोण सांगणार? बाबांनी मटकीचं सूप बाजूला ठेवलं आणि पायातली चप्पल हातात घेतली.

"मेल्या, माझी बायल धंदो करता काय म्हणान इचारूक इलंस? ह्या घरात? चल, चालू पड हयसून!"

तो घाबरून मागे सरला, पण कर्तव्याला जागणारा होता. आत बोट दाखवून म्हणाला, "मग ही एवढी माणसं?"

"पावणे आसत! माझ्या घरात पावण्यांनी जेवचा नाय?"

जेवणाऱ्यांनी टाळ्या वाजवल्या. कुशाबाने तर उष्ट्या हाताने शिट्टी मारायचा प्रयत्न केला. मीही पदराआड हसले आणि खोटं कशाला बोलू, त्या दिवशी मला नवऱ्याचा फार अभिमान वाटला होता. त्या मुलाने त्याच्या कागदावर लिहून टाकलं असणार: व्यवसाय नाही, पाहुणे आहेत.

ही गोष्ट बाबा अजून सांगतात. नवीन कोणी जेवायला बसला की पहिली भाकरी संपायच्या आत त्याला ती ऐकावी लागते. कसा पळवला, कसा धडपडला, चप्पल कशी उगारली. लोक हसतात आणि ते भरून पावतात. गाळा त्याच चपलेने गेला हे त्यांना ठाऊक नाही. यादीत चूक झाली आहे, सुनावणीत दुरुस्त होईल, असं मी त्यांना सांगितलंय. त्यांना कळलं तर ते माझ्या हातचा घास घ्यायचे नाहीत. तूही तोंड बंद ठेव.

सुनावणी याच महिन्यात आहे. कुशाबाला साक्षीला नेणार. इतकी वर्षं रोज जेवलेला माणूस, त्याच्याहून मोठा पुरावा तो कोणता?

आई


डिलाईल रोड,
२६ मार्च

मेघना,

गेल्या आठवड्यात सुनावणी झाली. आपण हरलो.

अधिकारी बाई होत्या, चांगल्या होत्या. तेच जास्त लागलं. कोणी उद्धट असता तर मी भांडले असते. त्यांनी आम्हाला बसायला लावलं, पाणी दिलं. परवाना विचारला. तुझ्या बाबांचं एक ठरलेलं, घरच्या जेवणाला सरकारचा परवाना कशाला? विजेचं मीटर विचारलं, तेही घरगुती. मग त्यांनी कुशाबाला बोलावलं. तो इस्त्रीचा शर्ट घालून आला होता. मी त्याला काही पढवलं नव्हतं. म्हटलं होतं, खरं असेल ते सांग.

त्यांनी विचारलं, "तुम्ही यांच्या खानावळीचे नेहमीचे गिऱ्हाईक ना?"

कुशाबाचा चेहराच उतरला. म्हणाला, "गिऱ्हाईक? मॅडम, असं नका बोलू. मी घरचा माणूस आहे. ही माझी वहिनी, मी वहिनीच्या हातचं जेवतो."

"पण पैसे देता ना?"

"घरचा म्हटल्यावर दीर दोन पैसे देणार नाही का? पैसे दिले म्हणून मी गिऱ्हाईक नव्हे."

मी त्याचा शर्ट मागून ओढत होते. तो वळून मला म्हणतो कसा, "वहिनी, मी बरोबर बोलतोय ना?" काय सांगणार त्याला? बरोबरच बोलत होता. बाईंनी पेन खाली ठेवलं. त्या हसल्याही, पण ते हसणं बघून मला रडू आलं.

मग त्यांनी जुना सर्वे वाचून दाखवला. 'घरमालकांनी व्यवसाय नसल्याचे ठामपणे सांगितले. जेवणारे पाहुणे असल्याचे नमूद.' बाबा शेजारीच बसले होते. त्यांना उलगडा व्हायला थोडा वेळ लागला. मी त्यांच्याकडे बघितलं नाही. बघायचं धाडस नव्हतं.

ते उठले. हात जोडले. म्हणाले, "मॅडम, त्या पोराक मी नाय म्हटलंय, म्हणान गाळो नाय?"

"हो काका. तेव्हा सांगायला हवं होतं."

"मग आता लिवा. माझी बायल धंदो करता. माझ्या डोळ्यांदेखत करता, लग्न झाल्यापासून करता. लिवा मॅडम."

मागे बसलेली माणसं हसली. आपल्यासारखीच चाळीतली माणसं, आपापल्या कामाला आलेली. बाबांना ऐकू गेलं. ते उभेच राहिले. बाईंनी हसणाऱ्यांना दटावलं आणि बाबांना हळू आवाजात म्हणाल्या, "काका, आता लिहून उपयोग नाही. मुदत संपली."

पुढे अपील आहे म्हणतात. कुठे करायचं, कोण करणार, मला कळत नाही, आणि ज्याला विचारावं तो दुसऱ्या खिडकीकडे पाठवतो. तू लिहिलंस, 'मी तिथे असते तर'. तू असतीस तर तुलाही त्याच खिडक्यांपुढे उभं केलं असतं. तुझ्यावर राग धरून ठेवणं मला बरं वाटत होतं गं. निदान कुठेतरी ठेवायला जागा होती.

बाबा त्या दिवसापासून ती गोष्ट सांगत नाहीत. आज कुरियरचा नवा मुलगा जेवायला बसला, मी वाट बघत राहिले. त्यांनी त्याला मीठ हवं का एवढंच विचारलं.

आई


एकोणिसावा मजला,
१८ मे

चि. मेघना, अनेक आशीर्वाद. घे, दिले.

राहायला आलो. चाळ रिकामी झाली, पत्रे लागले. शेवटच्या दिवशी मी चुलीची जागा पुसून घेतली, तेव्हा श्रेया म्हणाली, काकी, उद्या पाडणारच आहेत. पाडू देत, मळकी कशाला पाडायची?

तू सुचवतेस ते सगळं करून बघितलं. मोबाइलवरून जेवण पोचवायचं म्हणतेस, तर त्यांना परवाना हवा, तो मिळवायला जागा व्यवसायाची हवी, आणि आपली जागा निवासी. फिरून तिथेच. घरीच चार माणसं बसवावीत म्हणून सुरुवात केली. मॉलच्या मुली एकदा आल्या. फाटकावर नाव सांगा, नंबर सांगा, फोटो काढा, वर फोन लावा, मग लिफ्टची रांग. त्यांची जेवणाची सुट्टी लिफ्टपाशीच संपली. पुन्हा आल्या नाहीत.

आणि बांगडे तळले तर दुसऱ्या दिवशी सोसायटीची नोटीस. मार्गिकेत वास येतो म्हणे. लिहिणारे कोण? आपलेच, चाळीतले दुसऱ्या माळ्यावरचे, ज्यांनी पंगतीत बसून माझे बांगडे चापलेत. लिफ्टने वर गेलं की माणसांची नाकंही वर जातात.

सातव्या मजल्यावर, गाड्यांच्या डोक्यावर, बाग केली आहे. तिथे लाल रंगाचा चालायचा रस्ता आखलाय. तुझे बाबा सकाळ-संध्याकाळ तिथे चालतात, गोल गोल. पूर्वी मीठ आणायला निघाले की वाटेत शिंप्याकडे टेकायचे, डॉक्टरशी राजकारण करायचे, मीठ विसरून परत यायचे, आणि मी बोंब मारायचे. आता न चुकता वेळेवर घरी येतात. चालून येतात खरे, पण कुठे जाऊन येत नाहीत.

कुशाबा येतो. फाटकावरचा शिपाई विचारतो, "काम क्या है?" हा सांगतो, "काम नाही, जेवायला आलोय." मग वर फोन येतो, मी म्हणते सोडा. परवा मात्र तो चुकीच्या मजल्यावर उतरला. सगळे दरवाजे सारखे, त्याला काय कळणार? आपलं समजून बेल वाजवली आणि दार उघडणाऱ्या बाईला म्हणाला, "वहिनी नाहीत का? जेवायला आलोय." नवी भाडेकरू होती. तिने त्याला थांबायला सांगितलं, आत जाऊन कागदात दोन पोळ्या गुंडाळून आणल्या आणि दार लावून घेतलं. आणि खाली शिपायाला फोन केला की भिकारी आत कसे सोडता?

पोळ्या हातात घेऊनच तो माझ्या दारात आला. मला म्हणाला, "वहिनी, ह्या ठेव, टाकू नकोस, अन्न आहे." त्या दिवशी नीट जेवला नाही.

तुझी आई


एकोणिसावा मजला,
७ सप्टेंबर

चि. मेघना, आशीर्वाद.

तुझं पत्र तीनदा वाचलं. तुझ्या त्या गावातल्या लोकांनीही पेठ नको म्हणून सह्या केल्या, घराखाली दुकानं आली तर गर्दी होईल, वास येईल, आधी गाड्यांना जागा द्या म्हणाले. तुझा चौक कागदावरून खोडला. तू लिहिलंस, 'आई, मला काहीच करता आलं नाही, तिथेही नाही, इथेही नाही.' बाळा, मी त्या दिवशी सगळ्यांसमोर जे बोलले ते आता मागे घेते. तू माती कालवली नाहीस. तू आम्हाला चांगलं चित्र दाखवलंस, आणि ज्यांच्या हातात असतं त्यांनी दुसरंच बांधलं. याहून जास्त मला कळत नाही. कसंबसं केलेल्या अपिलाचा निकाल आला, पहिल्यासारखाच. बाबांनी तो वाचायला मागितला नाही.

इथे आता कोणी जेवायला येत नाही. त्या पोळ्यांनंतर कुशाबा वर येईना. मी म्हटलं, मी डबा घेऊन खाली येते. गुडघे धरत आले, फाटकाबाहेर त्याच्या हातात डबा दिला. चार-सहा दिवस त्याने घेतला. मग म्हणाला, "वहिनी, उद्यापासून नको आणूस. फुटपाथवर उभं राहून डबा घेताना लोक बघतात. मला समोर बसून वाढलेलं लागतं, तुला माहीत आहे." मी भांडले. त्याने ऐकलं नाही. बाबा त्याला आणायला भायखळ्याला गेले, तर दोघांनी तिथेच चहा घेतला आणि बाबा एकटेच परतले. काय बोलणं झालं ते दोघेही सांगत नाहीत.

तरी तो येतो गं. जेवणाची वेळ झाली की चालत येतो आणि समोरच्या फुटपाथवर, बंद दुकानाच्या पायरीशी उभा राहतो. पाय सवयीने इकडे वळत असतील. वडापाव घेतो, खातो, जातो. पहिल्यांदा दिसला तेव्हा मला खरं वाटेना. इतक्या उंचावरून माणूस केवढासा दिसतो, पण त्याची टोपी आणि मान वाकडी करून उभं राहणं मी कुठूनही ओळखेन. फोन लावला. तो त्याच्या पिशवीत वाजला असेल, त्याला ऐकू कमी येतं.

त्या दिवसापासून मी त्या वेळेला खिडकीशी जाते. बाबाही येतात, माझ्यामागे उभे राहतात. आज मी पोळपाटावरचा ओला फडका घेतला आणि खिडकीबाहेर हात काढून जोरजोरात हलवला. कुशाबाने मान वर केली. त्याला काहीतरी दिसलं असावं, कारण त्यानेही टोपी काढली आणि हात वर करून कितीतरी वेळ हलवत राहिला. तोंड मात्र त्याचं शेजारच्या टॉवरकडे होतं.

तुझी,
आई